ती बाई त्या खुर्चीत राहिली

प्रवेशाच्या दिवशी खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "मुलीसाठी की मुलासाठी?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

तेव्हा कुठे कारकुनाने मान वर केली. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या मागे पाहिलं, खरा उमेदवार तिथे लपलाय की काय म्हणून, आणि मग निमूटपणे शिक्का मारला. पन्नाशी उलटलेल्या बाईने समाजसेवेचा अभ्यास करू नये असा काही नियम नव्हता. नियम नसला म्हणून लोक कपाळाला आठ्या घालायच्या थोड्याच थांबतात!

एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. तो पूर्ण केला की वस्तीतल्या केंद्रावर, निवारागृहात, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन विचारपूस करण्याच्या कामावर कुठे कुठे जागा मिळत. वर्गात बहुतेक विशी-बाविशीची पोरं. पहिल्याच दिवशी ती जरा लवकर जाऊन दाराशी उभी होती, तर दोन मुली आत शिरता शिरता म्हणाल्या, "मावशी, तेवढा पंखा लावता का?" तिने पंखा लावला. मग मागच्या बाकावर जाऊन बसली आणि पिशवीतून वही काढली, तेव्हा त्या पोरींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गैरसमज त्या दिवशीच मिटला, पण मावशी हे नाव कायमचं चिकटलं. तिनेही तक्रार केली नाही. कुणी काहीतरी म्हणून हाक मारतंय, हेच तिला पुष्कळ होतं.

कारण घरी तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत आईची लोखंडी खाट, आणि खाटेशेजारी जमिनीवर तिची स्वतःची गादी. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती तरी ती गादीवरच झोपायची. खाटेवर घडी केलेले कपडे ठेवायची. लग्न राहून गेलं होतं. का राहून गेलं ते आता कुणी विचारत नव्हतं, आणि विचारणाऱ्यांपैकी निम्मे तर स्वतःच वरती गेले होते. आई अंथरुणाला खिळली ती नऊ वर्षं. रात्रीतून दोनदा हाक यायची, "अगं ए!" कधी पाणी, कधी कूस बदलायला, कधी नुसतंच, तू आहेस ना हे बघायला. आता हाक येत नव्हती, पण जाग मात्र बरोबर दोनदा यायची. ती उठायची, स्वयंपाकघरात जायची, पेला भरायची, आणि भरलेला पेला हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहायची. तहान तिला लागलेली नसायची.

एक धाकटी बहीण होती. होती म्हणजे आहे, ठणठणीत आहे, याच शहरात, एक बस बदलली की तिचं घर. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. आई गेल्यावर सगळे पांगले आणि धाकटी दारात चपला घालता घालता म्हणाली, "सुटलीस गं एकदाची. आता जरा स्वतःसाठी जग." बोलणारीच्या मनात काही वाईट नसावं. पण ते वाक्य हिच्या जिव्हारी लागलं. तिने दार लावून घेतलं, आणि मग धाकटीचे फोन उचलायचेच बंद केले. पुढे पुढे फोनही यायचे थांबले. दोघी एकाच आईच्या, त्यामुळे हट्टाला कुणीच कमी नव्हती.

तर असा सगळा संसार. अभ्यासक्रमाला नाव घातलं तेव्हा तिने सगळ्यांना, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला, असं सांगितलं की नऊ वर्षं सेवा केली आहे, त्या अनुभवाचं काहीतरी करावं म्हणते. खरं कारण साधं होतं. दुपारी घरात बसवत नव्हतं.

वर्गात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर सराव. खोलीच्या मधोमध दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या. एकीत विद्यार्थी बसायचा, तो कार्यकर्ता. दुसरीत दुसरा विद्यार्थी, तो अडचणीत सापडलेला माणूस. बाकीचे भोवती बसून ऐकायचे. या खुर्च्यांचे मॅडमनी दोन नियम पहिल्याच दिवशी सांगितले होते. मॅडम म्हणजे काटक, मिताक्षरी बाई. वीस वर्षं वस्त्यांतून फिरलेली, आणि वर्गात कुणी चुळबुळ केली की नुसती चष्म्यावरून बघणारी.

पहिला नियम, त्या खुर्चीत स्वतःची गोष्ट आणायची नाही. "तुम्ही खरंच रडायला लागलात," मॅडम म्हणाल्या, "तर समोरच्याला कळणार नाही की त्याने शिकायचं की तुम्हाला सांभाळायचं. म्हणून खरी गोष्ट निघाली की सराव तिथेच बंद. परीक्षेत निघाली तर परीक्षा रद्द. गोष्ट सांगणाऱ्याची नाही, समोर बसलेल्या कार्यकर्त्याची."

दुसरा नियम भूमिका उतरवण्याचा. सराव संपला की अडचणीतल्या माणसाने उठायचं, दोन पावलं बाजूला यायचं, आणि मोठ्याने म्हणायचं, ती बाई त्या खुर्चीत राहिली, मी मी आहे, आणि आज घरी जाऊन मी अमुक करणार. हे नुसतं नाटक वाटतं, पण त्यामागे शहाणपण होतं. दुसऱ्याचं दुःख अंगात घालून घरी जायचं नाही, इथेच काढून ठेवायचं. पोरांना त्यात भारी मजा यायची. कुणी म्हणायचं, घरी जाऊन मी केस धुणार. कुणी म्हणायचं, मॅच बघणार. मावशीचं ठरलेलं असायचं, "घरी जाऊन मी स्वयंपाक करणार." पोरं तिच्याआधी ते म्हणून टाकायची.

सुरुवातीला मावशीने खुर्चीत बसून जी काही माणसं उभी केली ती सगळी भिकार होती. दारुड्याची बायको केली, तर वर्गातला एक मुलगा, ज्याला सगळे पेंटर म्हणत, हसून हसून बाकावरून पडला. कर्जात बुडालेला दुकानदार केला, तो तर तिलाच पटला नाही. मग एकदा आयत्या वेळी मॅडमनी तिचं नाव घेतलं, काही तयार नव्हतं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या सासूबाई नऊ वर्षं अंथरुणावर होत्या."

सासूबाई! ज्या बाईचं लग्नच झालं नाही तिला सासू कुठली? पण वर्गाला काय ठाऊक? तिने आईची सासू केली, धाकटीची नणंद केली, आणि बाकीचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. हाक, पेला, ओटा. ज्या मुलींनी पंखा लावायला सांगितला होता त्यांच्यातली एक तर डोळे पुसत बाहेर गेली. सराव संपल्यावर टाळ्या पडल्या. "मावशी, कुठे लपवून ठेवलं होतं हे?" पेंटर म्हणाला. मावशी लाजली, दोन पावलं बाजूला आली आणि म्हणाली की घरी जाऊन ती स्वयंपाक करणार.

तेव्हापासून ज्याला त्याला समोरच्या खुर्चीत मावशीच हवी. तिनेही ताकास तूर लागू दिली नाही. ती चुकत होती, हे तिला चांगलं कळत होतं. पण सरावाच्या दिवशी ती सकाळपासून आवरून बसायची, धुतलेली साडी नेसायची, कारण त्या दिवशी कुणीतरी तिच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून विचारणार असायचं, "झोप कशी लागते तुम्हाला?" ते विचारणं अभ्यासक्रमात होतं म्हणून विचारलं जायचं. असेना का! आठवडाभरात एवढं एकच माणूस तिला तिच्या झोपेबद्दल विचारायचं, आणि ते ऐकायला ती कुठलाही नियम मोडायला तयार होती.

आता पेंटरबद्दल. तो आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील फलक आले आणि त्याचा ब्रश सुटला. मग रस्त्यावर झोपणाऱ्या माणसांच्या निवाऱ्यात मदतीला जाऊ लागला. तिथल्या लोकांना तो इतका आवडला की त्यांनी सांगितलं, तू कोर्स पूर्ण कर, जागा तुझी. मनाने सोन्यासारखा पोरगा, पण तोंडाला लगाम नाही. समोरच्याने हं म्हणायचा अवकाश, याचा सल्ला सुरू. सकाळी चालायला जा. कोमट दूध प्या. मोबाईल लांब ठेवून झोपा. मागच्या खेपेला तोंडी परीक्षेत एक बाई रडायला लागल्यावर त्याने तिला पोहायला शिकायचा सल्ला दिला आणि नापास झाला. ही दुसरी खेप. या वेळी गेला तर निवाऱ्यातली जागा दुसऱ्याला जाणार होती, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"मावशी, परीक्षेला माझ्यासमोर तुम्हीच बसा," तो तिच्या मागेच लागला. "तुमची ती सासूवाली बाई मला पाठ आहे."

"पाठ आहे म्हणूनच तर गोची आहे," ती म्हणाली. "तू ऐकतच नाहीस रे. मी 'लोक म्हणतात सुटलीस' म्हटलं की तुझी गाडी सुटते."

"मग काय करू? समोरचा माणूस गप्प बसला की माझ्या पोटात गोळा येतो. वाटतं, आता काहीतरी बोललंच पाहिजे."

"मॅडम काय म्हणतात? गप्प बसलेल्या माणसाला गप्प बसू द्यायचं."

"तुम्हाला जमतं?"

तिने जरा विचार केला. "मला कुठे जमवायला लागतंय? माझ्या घरी कुणी बोलतच नाही." आणि आपण हे काय बोलून गेलो म्हणून घाईघाईने हसली. पेंटरही हसला. तो विनोदच आहे असं त्याला वाटलं.

महिनाभर दोघांनी रिकाम्या वर्गात सराव केला. प्रत्येक वेळी तीच गोष्ट, आणि प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी पेंटरचा बांध फुटायचा. लोक म्हणतात सुटलीस, असं ती म्हणायची आणि तो म्हणायचा, "लोकांचं काय मनावर घेता? तुम्ही एखादा छंद लावून घ्या." मग ती हात टेकायची, आणि दोघं बाहेर जाऊन चहा घ्यायची. चहाचे पैसे तो देऊ द्यायचा नाही. घरी परतताना तिला वाटायचं की परीक्षा जरा लांबली तर बरं होईल.

परीक्षा काही लांबली नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांना सर्दी झाली होती. ते रुमाल नाकाला लावून बसले होते, शेजारी मॅडम, आणि मधोमध दोन खुर्च्या. पेंटरने इस्त्रीचा सदरा घातला होता. तळहात पँटला पुसून तो बसला आणि म्हणाला, "नमस्कार. इथे बोलाल ते आपल्या दोघांतच राहील. कुठून सुरुवात करावीशी वाटते?"

मावशीने ठरलेलं सुरू केलं. सासूबाई, नऊ वर्षं, अंथरूण.

"आणि आता झोप कशी लागते तुम्हाला?"

"लागते. पण दोनदा जाग येते. त्या हाक मारायच्या त्याच वेळेला."

"त्याच वेळेला," पेंटर म्हणाला आणि थांबला.

"हो. मग मी उठून पाणी भरते. आणि लोक म्हणतात, सुटलीस."

आता छंद येणार, म्हणून ती थांबली. छंद आला नाही. पेंटरचे ओठ एकदा हलले, मग त्याने ते घट्ट मिटले. दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरून तो नुसता तिच्याकडे बघत बसला. कपाळावर घाम आला होता पण नजर हलली नाही. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. वर पंखा फिरत होता.

इथे सगळा घोटाळा झाला. यापुढचं तिच्याकडे काही तयारच नव्हतं. इतक्या वेळा ही गोष्ट सांगितली, पण या वाक्यापुढे तिला कधी कुणी जाऊच दिलं नव्हतं. दुसऱ्यांनी रडून थांबवलं होतं, पेंटरने सल्ले देऊन. आज समोर मोकळी जागा होती आणि एक माणूस खरोखर वाट बघत होता.

"सुटलीस म्हटल्यावर माणूस काय बोलणार?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मला आठवण येते असं म्हणायला जागाच राहत नाही. नऊ वर्षं मीच म्हणत होते की यातून कधी सुटणार. तोंडाने म्हणत होते. आणि आता हाक येत नाही तर पाणी कुणासाठी भरते, मला कळत नाही. धाकटी यायची रविवारी. म्हणायची, ताई, तू झोप, मी जागी आहे. एकही दिवस झोपले नाही मी. तिला म्हटलं, तुला नाही जमायचं. लहानपणी आम्ही दोघी, मी आणि धाकटी, तिच्या दोन बाजूंना झोपायचो. ती कायम उताणी झोपायची, कधी कुशीवर वळली नाही. एकीकडे वळलं तर दुसरीकडे पाठ होईल, म्हणून."

परीक्षक त्या क्षणी खिशात दुसरा रुमाल शोधत होते. पण मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं, आणि पेंटरच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. सासूच्या दोन बाजूंना लहानपणी झोपणारी सून जगात कुठे सापडणार? दोघांनाही कळलं होतं. दोघांनाही कळलंय हे मावशीलाही कळलं.

पेंटरने घसा साफ केला. "ती धाकटी आता कुठे असते?" त्याने हळूच विचारलं.

"आहे. इथेच."

मग तो म्हणाला, "हे तुम्ही आज सांगितलंत. मी ऐकलं."

मॅडमनी टेबलावरची घंटी वाजवली. मग नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, भूमिका उतरवा."

ती उठली. दोन पावलं बाजूला आली. एवढं नेहमीसारखं झालं, आणि पुढे दातखीळ बसली. आजवर हे वाक्य तिने किती सहज फेकलं होतं! आज कळलं की ते म्हणायचं म्हणजे आत्ता जे बोललो ते माझं नव्हेच, असं चारचौघांत सांगायचं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते पूर्ण ऐकलं होतं, आणि ते आता तिने तिथेच, त्या लाकडी खुर्चीत टाकून द्यायचं होतं. म्हटलं नाही तर गोष्ट तिची राहील आणि पेंटरची परीक्षा जाईल. तो तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे पाहत होता, आणि तिने काहीही केलं तरी तो तोंडातून शब्द काढणार नाही हे तिला दिसत होतं.

"ती बाई," ती म्हणाली. "ती बाई त्या खुर्चीत राहिली. मी मी आहे."

"आणि आज घरी जाऊन?" परीक्षकांनी नाक पुसत विचारलं.

स्वयंपाक तिच्या तोंडात आलाच नाही. "झोपणार," ती म्हणाली.

परीक्षक हसले. "झोपा, झोपा. दमणारच तुम्ही. अभिनयाचं बक्षीस असतं तर दिलं असतं." मग पेंटरकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही छान ऐकता हो. हे शिकवून येत नाही." तो पास झाला हे त्यांनी तिथल्या तिथेच सांगून टाकलं.

खोटं बोलली ती. सरळ, मोठ्याने, सगळ्यांच्या तोंडावर. ज्यांना नियमांचं प्रेम आहे त्यांनी खुशाल नावं ठेवावीत. मला एवढंच दिसतं की तिच्याजवळ देण्यासारखं जे एकच होतं ते तिने त्या पोराला देऊन टाकलं, आणि रिकाम्या हाताने बाहेर आली.

बाहेर मॅडम पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. "प्या," म्हणाल्या. ती पीत असताना त्या दुसरीकडेच बघत होत्या. "पुढच्या आठवड्यात तुमची परीक्षा. तुम्ही विचारणाऱ्याच्या खुर्चीत. त्या दुसऱ्या खुर्चीत मात्र आता तुम्ही बसायचं नाही. सरावालाही नाही."

"हो, मॅडम."

"मी शिक्षा म्हणून सांगत नाही." त्यांनी रिकामा ग्लास हातात घेतला. "ती जागा त्यासाठी नाही हो. तिथे सांगितलेलं काही खरं धरता येत नाही. हे जिथे खरं धरलं जाईल तिथे सांगा."

बसथांब्यापर्यंत पेंटर तिच्यासोबत आला. सगळ्या वर्गाने त्याला पाठीत धपाटे घालून झाले होते, पेढे कधी म्हणून विचारून झालं होतं, आणि तरी हा गप्प. एवढा वेळ त्याला गप्प तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मी थांबवायला पाहिजे होतं, मावशी," शेवटी तो म्हणाला. "मला कळलं होतं."

"थांबवलं असतंस तर नापास झाला असतास."

"म्हणून तर नाही थांबवलं. तुमच्यासाठी गप्प बसलो असं नका समजू. आधी बसलो होतो तुमच्यासाठी. ते कळल्यावर मात्र माझ्यासाठी."

"मीही माझ्यासाठीच बोलले," ती म्हणाली. "फिट्टंफाट."

तो हसला नाही. लांबून तिची बस दिसली. त्याने तोंड उघडलं, आता नक्की सल्ला येणार असं तिला वाटलं, पण त्याने फक्त विचारलं, "तुम्हाला ताई म्हणणारी तेवढी एकच का?"

"एकच," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

घरी आली तेव्हा दुपार टळत होती. खिडकीतून खाटेवर उन्हाचा पट्टा पडला होता, घडी केलेल्या कपड्यांवर. हातपाय धुतले. पेला भरला आणि ओट्यापाशी उभी राहिली. या वेळी खरंच तहान लागली होती म्हणून प्यायली. मग खाटेवरचे कपडे उचलून गादीवर ठेवले, खाटेच्या कडेला बसली आणि धाकटीचा नंबर लावला. सरावाची खुर्ची होती तोवर हे पुढे ढकलता येत होतं. आता ढकलायला जागा उरली नव्हती.

बराच वेळ फोन वाजला. मागे दुकानाचा गलका ऐकू आला, मग धाकटीचा आवाज, "कोण?"

नंबर पुसून टाकला होता की काय हिने! तिला राग आला, मग भीती वाटली.

"मी," ती म्हणाली. "मी आहे."

पलीकडचा गलका लांब गेला, एक दार लागल्याचा आवाज झाला. तिच्या ओठांवर कितीतरी वाक्यं आली. मी फोन का उचलले नाहीत, तू तसं का म्हणालीस, मला त्या दिवशी काय वाटलं. सगळी गिळली. पेंटरने गुडघे धरले होते तसे एका हाताने स्वतःचा गुडघा धरला आणि थांबली. हे इतकं कठीण असतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"आता आठवण झाली?" धाकटी म्हणाली. ती रडत होती की चिडली होती ते कळेना. "सगळं तूच केलंस. मला हातसुद्धा लावू दिला नाहीस. दोन रात्री मागितल्या होत्या गं मी तुझ्याकडे. दोनच. ती काय फक्त तुझीच होती? मग मी म्हटलं सुटलीस, तर काय चुकलं माझं? माझ्या वाट्याला तेवढंच म्हणणं आलं होतं."

पुस्तकातलं एक वाक्य जिभेच्या टोकावर आलं, 'तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकते.' तिने तेही गिळलं.

"हो," ती म्हणाली. "नाही दिल्या मी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"कशी आहेस?" धाकटीने विचारलं. अभ्यासक्रमात होतं म्हणून नव्हे.

"झोप लागत नाही गं," ती म्हणाली. "दोनदा उठते. अजून उठते."

पलीकडे काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला, धाकटीने बहुधा खुर्ची जवळ घेतली असावी.

"आत्ता कुठे आहेस?"

"आईच्या खाटेवर बसलेय."

"मग आडवी हो तिथेच. फोन ठेवू नकोस, उशाशी ठेव."

"आत्ता? दुपारची? तुझं दुकान आहे, गिऱ्हाईकं..."

"ताई," धाकटी म्हणाली, "तू झोप. मी जागी आहे."

तीन वर्षांनी ती त्या खाटेवर आडवी झाली. उशाशी फोनमधून चष्म्याच्या दुकानाचा आवाज येत होता, कुणीतरी दार ढकलून काचा मागत होतं, आणि धाकटी दबक्या आवाजात सांगत होती की जरा थांबा, माझी बहीण झोपतेय. तिने उत्तर द्यायचा विचार केला, पण तोवर तिचा डोळा लागला होता.